बोटभर खाच

साइट इंजिनिअरने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खाली एक शब्दही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. चार मजली पांढरी इमारत, प्रत्येक मजल्याच्या डोक्यावर रोमन थाटाची कॉर्निस, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली नक्षीदार पट्टी, आणि प्रत्येक कॉर्निसखालून भिंतीवर ओघळलेले काळे पट्टे. काजळ घालून रडल्यावर चेहऱ्याचं होतं, तसं झालं होतं. रंग देऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

ती कॉर्निस मी काढलेली.

डिझाइन सरांचं, रेघा माझ्या. मी ड्राफ्ट्समन आहे. (बाई असले तरी ओळखपत्रावर 'ड्राफ्ट्समन'च छापलंय. बावीस वर्षं झाली, आता ते बदलून घ्यायचाही कंटाळा.) क्लायंट मोबाइलमध्ये कुठल्याशा हॉटेलचा फोटो घेऊन आले होते आणि 'असं क्लासिकल पाहिजे' एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सरांनी ट्रेसिंगवर चार फराटे मारले आणि 'मजल्यांच्या मध्ये काहीतरी भारदस्त टाक' म्हणून मीटिंगला निघून गेले. मी ब्लॉक लायब्ररी उघडली. आमच्या सर्व्हरवरचं हे एक अजब कोठार आहे. कोरिंथियन खांब, गॉथिक कमानी, मुघल कमानी, जाळ्या, कठडे, सगळं तयार. कोणी काढून ठेवलं, कधी, कुणालाच ठाऊक नाही. उचलायचं, मापाला ताणायचं, चिकटवायचं. अडीच हजार वर्षांचा इतिहास दोन क्लिकमध्ये.

त्या कॉर्निसच्या ब्लॉकमध्ये पुढे आलेल्या पट्टीच्या पोटाशी एक बारीक खाच होती. एकास शंभरच्या प्रिंटमध्ये तिच्या रेघा एकमेकींत मिसळून शाईचा ठिपका पडायचा. दोनदा प्रिंट काढली, दोन्ही वेळा ठिपका. मग मी खाच पुसून टाकली. प्रिंट स्वच्छ आली. कॉर्निस कापणाऱ्याने माझ्या ड्रॉइंगबरहुकूम थर्माकोल कापलं, त्यावर जाळी आणि सिमेंटचा लेप चढवला, भिंतीला चिकटवून दिलं.

आता ती खाच काय करते ते सांगते, कारण मलाही ते त्या फोटोनंतरच नीट कळलं. आपल्याला वाटतं, छज्ज्याच्या कडेला आलेलं पाणी तिथून खाली पडतं. सगळं पडत नाही. थोडं पाणी पोटाला चिकटून मागे मागे सरकतं, भिंतीला जाऊन भिडतं आणि वाटेतली धूळ गोळा करत भिंतीवरून उतरतं. पोटाशी बोटभर खाच असली की पाण्याला भिंतीकडे सरकायला आधी वर चढावं लागतं. ते काही त्याला जमत नाही. तिथेच थेंब धरतो आणि गळतो. पागोळी भिंतीपासून लांब पाडायची, हे कॉर्निसचं मूळ काम. वरची दातेरी नक्षी आणि पानंफुलं हा नंतरचा साज. मी साज ठेवला होता आणि काम पुसलं होतं.

त्या दिवसापासून मला एक नाद लागला. रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि दुसऱ्यांच्या इमारती गिरवायच्या. प्रसिद्ध झालेले प्लॅन आणि सेक्शन (इमारत उभी कापली तर आत काय दिसेल ते चित्र) मिळवायचे, खाली ठेवायचे आणि त्यावर रेघ न रेघ ओढत जायची. पाटीवरचं अक्षर गिरवतात तसं. नजरेला जे दिसत नाही ते हाताला कळतं. मी यातल्या बऱ्याच इमारती प्रत्यक्ष पाहिलेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण त्यांच्या भिंती किती जाड आहेत, हे मला तिथे फोटो काढून आलेल्यांपेक्षा जास्त माहीत असतं.

सुरुवात केली ती ग्रीक देवळांपासून, कारण माझा गुन्हा त्यांच्याच घरातला. पार्थेनॉनच्या माथ्यावर जी पट्टी आहे तिच्यात ठरावीक अंतराने उभ्या खोबणींचे चौकोन येतात, त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात. प्रत्येकाच्या खाली सहा छोटे गोंडे लोंबल्यासारखे दिसतात. दगडात कोरलेले. हे गोंडे गिरवताना मला प्रश्न पडला की यांचं काम काय? उत्तर असं की काहीच नाही. व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून गेलाय की देवळं आधी लाकडाची असत. तुळयांची कापलेली टोकं बाहेर दिसायची, ती वाईट दिसतात म्हणून सुतार त्यांवर फळ्या ठोकायचे आणि निळं मेण लावायचे. त्या फळ्यांचे झाले ट्रायग्लिफ. गोंडे म्हणजे त्या लाकडी खुंट्या, असं नंतरच्यांनी जोडलं. लाकूड गेलं, दगड आला, पण खुंट्या राहिल्या. अभ्यासकांमध्ये यावर वाद आहेत, पण त्या सहा खुंट्या काढताना माझा विश्वास व्हिट्रुव्हियसवर बसला.

आणि आपल्याकडची लेणी? कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. अख्खा डोंगर पोखरून केलेलं, म्हणजे छताला टेकू लागण्याचा प्रश्नच नाही, छत म्हणजे डोंगरच. तरी त्या कमानदार छताखाली खरेखुरे लाकडी वासे बसवलेत. कशालाही न पेलणारे. लाकडी चैत्य बघायची सवय असलेल्या डोळ्यांना वाशांशिवाय छत 'छत' वाटेना, म्हणून ते घातले असणार. मी इतकी वर्षं भार न पेलणारे खांब काढत होते आणि मनातून शरमत होते. कार्ल्याच्या वाशांनी मला थोडं मोकळं केलं.

'पण आधुनिक वास्तुकलेने हे ढोंग संपवलं ना?' असं आमच्या ऑफिसातला एक तरुण आर्किटेक्ट तावातावाने म्हणाला. त्याला मी सीग्रॅम बिल्डिंगचा डिटेल काढून दाखवला. न्यूयॉर्क, १९५८, वास्तुकार मीस व्हान डर रोह. पोलाद आणि काचेच्या साधेपणाचा हा आदर्श नमुना समजला जातो. खरं पोलाद आगीच्या नियमांमुळे काँक्रीटमध्ये गाडावं लागलं, बाहेरून दिसेना. मग मीसने काचांच्या मध्ये ब्राँझचे उभे आय-सेक्शन, म्हणजे इंग्रजी 'I' च्या आकाराच्या पट्ट्या, लावले. इमारतीचा भार ते पेलत नाहीत. आत पोलाद आहे हे बाहेरून 'वाटावं' म्हणून ते तिथे आहेत. ग्रीकांनी लाकडाची आठवण दगडात कोरली, याने पोलादाची आठवण ब्राँझमध्ये ओतली. पोरगा बराच वेळ गप्प बसला, मग 'पण प्रपोर्शन बघा ना' म्हणाला. तेही खरंच.

याच मीसबरोबर सीग्रॅमवर काम केलेल्या फिलिप जॉन्सनने पुढे पलटी मारली. १९८४ साली त्याने आणि जॉन बर्गीने न्यूयॉर्कमध्येच एटी अँड टी कंपनीचा टॉवर पुरा केला. ३७ मजले, गुलाबी ग्रॅनाइट, आणि माथ्यावर मधोमध खाच पाडलेला त्रिकोण. जुन्या इंग्लिश कपाटांच्या डोक्यावर असतो तसा. लोक हसले, चिडले, 'कपाट' म्हणाले. मजा अशी की २०१७ मध्ये त्याच्या तळाचा ग्रॅनाइट काढून काच लावायचा बेत पुढे आला, तेव्हा लोक तो वाचवायला रस्त्यावर उतरले आणि २०१८ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. चौतीस वर्षांत चेष्टा वारसा झाली. मला तो माथा आवडतो. त्याला काम काहीच नाही हे मान्य, पण तो तसा आवही आणत नाही.

उसनवारी दिसलीच पाहिजे असंही नाही. मी गिरवलेल्यातला सगळ्यात छुपा मामला पॅरिसजवळच्या गार्शच्या घराचा. ल कॉर्ब्युझिएचा व्हिला स्टाइन, १९२७. पांढरा ठोकळा, आडव्या लांबलचक खिडक्या, जुन्याचा मागमूस नाही. कॉलिन रो या अभ्यासकाने १९४७ मध्ये दाखवून दिलं की त्याच्या प्लॅनमधल्या रेघा आणि सोळाव्या शतकात पल्लाडिओ या इटालियन वास्तुकाराने व्हेनिसजवळ बांधलेल्या व्हिला मालकाँतेंताच्या रेघा एकाच ठेक्यावर पडतात: दोन, एक, दोन, एक, दोन. हे वाचून पटेना. मी दोन्ही प्लॅन वेगवेगळ्या लेयरवर घेतले, एक लाल, एक निळा, मापं जुळवून एकावर एक ठेवले. उभ्या रेघा खटाखट बसल्या. अंगावर काटा आला. आणि त्या एकाच चौकटीत दोघांनी मांडलेला संसार मात्र साफ वेगळा. पल्लाडिओच्या घरात मधोमध मोठं दालन आणि दोन्ही बाजूंना आरशातल्यासारख्या सारख्या खोल्या. ल कॉर्ब्युझिएने भार खांबांवर सोपवला आणि भिंतींना हवं तिकडे वळायची मुभा दिली. तिथे मध्य असा उरलाच नाही. ताल तोच, चाल निराळी.

चार्ल्स कोरियांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्रात उलट केलं. उसनं घेतलं ते चारचौघांत सांगून. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेल्या त्या शहराचा आराखडा नऊ चौकोनांचा, त्यातला एक डोंगर आडवा आला म्हणून बाजूला सरकलेला. कला केंद्रही नऊ चौकोनांचं, प्रत्येक ३० मीटरचा, आणि त्यातलाही एक मुद्दाम फिरवून बाहेर काढलेला. तिथून आत शिरायचं. शहरात जी अडचण होती ती इथे दार झाली. गिरवायला अगदी सोपा प्लॅन, वीस मिनिटांत होतो. पण फिरवलेल्या चौकोनाशी आलं की दर वेळी हसू येतं.

खोट्या खांबांबद्दल मात्र एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीची मूळ इमारत १८३८ ची, विल्यम विल्किन्सची. तिच्या शेजारी रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांनी १९९१ मध्ये सेन्सबरी विंग बांधली. बाहेरच्या भिंतीवर त्यांनी विल्किन्सचेच भित्तिस्तंभ घेतले. जुन्या इमारतीच्या बाजूला त्यांची दाटी, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे, आणि जसजसं लांब जावं तसतसे विरळ होत शेवटी भिंत नुसती सपाट. एखाद्याने जोरात बोलायला सुरुवात करावी आणि बोलता बोलता आवाज विरून जावा, तसं. मी ती अंतरं मोजत मोजत गिरवली. कुठेही ब्लॉक कॉपी करून चालत नाही, प्रत्येक जागा वेगळी. आमच्या लायब्ररीतल्या 'कोरिंथियन ३'ला असं काही करता आलं नसतं.

किस्सा आतल्या खांबांचा आहे. प्रवेशदालनात काही खांब असे होते जे काही पेलत नव्हते. इमारतीसाठी पैसे देणाऱ्या सेन्सबरी बंधूंपैकी जॉन सेन्सबरींना ते मुळीच पसंत नव्हते, पण वास्तुकारांपुढे त्यांचं चाललं नाही. मग त्यांनी १९९० मध्ये एक पत्र टाइप केलं आणि बांधकाम चालू असताना खांबाच्या पोटात ठेवून दिलं. मजकूर थोडक्यात असा: हे तुम्हाला सापडलं असेल तर तुम्ही खोटे खांब पाडायला घेतलेले दिसताय. ही वास्तुकाराची चूक होती असं माझं मत आहे, आणि तुम्ही ती काढताय याचा एका देणगीदाराला अतिशय आनंद होतोय. २०२३ मध्ये नूतनीकरणासाठी खांब फोडले तेव्हा पत्र निघालं. सेन्सबरी आदल्याच वर्षी वारले होते. काहीही काम नसलेल्या खांबाला शेवटी पत्र सांभाळायचं काम मिळालं, आणि ते त्याने चोख केलं. बाकी, आमचे क्लायंट अशी पत्रं लिहीत नाहीत हे बरं आहे. लिहिली असती तर आमच्या निम्म्या खांबांतून टपाल निघालं असतं.

आता माझी सगळ्यात लाडकी इमारत. स्पेनमधल्या मेरिदाचं रोमन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, राफाएल मोनेओ, १९८६. ही गिरवायला मला तीन आठवडे लागले, कारण मी पुन्हा पुन्हा थांबत होते. एकापाठोपाठ एक समांतर विटांच्या भिंती, प्रत्येकीत प्रचंड कमान, सगळ्या कमानी एका ओळीत, त्यामुळे आत उभं राहिलं की लांबच लांब दालन दिसतं. फोटो पाहिला की वाटतं, रोमन अवशेषच आहेत. पण इमारतीच्या बांधणीत एकही रोमन खांब नाही, पान नाही, फूल नाही, कॉर्निस नाही. मग रोमन काय आहे?

भिंतीचा सेक्शन काढायला घेतला तेव्हा कळलं. रोमन लोक भिंत बांधायचे ती अशी: दोन्ही बाजूंना विटांची कातडी आणि मध्ये चुना-खडीचं काँक्रीट. वीट म्हणजे साचा आणि वीट म्हणजेच दर्शनी बाजू, साचा नंतर काढायचाच नाही. मोनेओनेही तेच केलं. दोन बाजूंना बारीक, लांबट विटा आणि पोटात काँक्रीट. आणि विटांच्या मधला मसाला जवळजवळ दिसतच नाही, वीट विटेवर थेट टेकल्यासारखी. त्यामुळे भिंत तुकड्यांची न वाटता एकसंध, ओतल्यासारखी वाटते. रोमच्या चेहऱ्याऐवजी मोनेओने रोमची बांधायची रीतच उचलली. चेहरा मग आपोआप आला.

आणखी एक गोष्ट प्लॅनमध्येच दिसते. संग्रहालयाच्या तळघरात खऱ्या रोमन वस्तीचे अवशेष आहेत, आणि मोनेओच्या भिंती त्यांच्या दिशेने चालत नाहीत. तिरक्या जातात, त्यांना ओलांडून. मी आधी समजले की माझं ड्रॉइंग सरकलंय. 'मूव्ह' करून सरळही करून पाहिलं. नाही, मुद्दाम तिरकं आहे. जुन्या पायावर पाय ठेवून उभं राहायचं, पण आपण तेच आहोत असं भासवायचं नाही. ही तिरकी रेघ ओढताना मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

याच्या नेमकं उलट आमच्या धंद्यात जाळीचं होतं. जाळी ही सध्या सगळ्यात जास्त उसनी घेतली जाणारी गोष्ट असावी. माझ्याकडूनच दहा-बारा इमारतींना लागून गेली असेल. जुन्या दगडी जाळीचा नमुना घ्यायचा, कॅडमध्ये साफ करायचा, सीएनसीवाल्याकडे (संगणकावर चालणारं कापायचं मशीन असलेल्याकडे) पाठवायचा. तो ८ मिलिमीटरच्या पत्र्यातून तासाभरात कापून देतो. समोरून बघाल तर हुबेहूब. फक्त समोरून.

एका इमारतीला अशी जाळी लावल्यावर आतल्या लोकांनी महिन्याभरात तिच्यामागे पडदे लावले. सर वैतागले, 'लोकांना सौंदर्यदृष्टीच नाही.' मी घरी येऊन सेक्शन काढला. समजा भोक ५० मिलिमीटर उंच आहे आणि दगडही ५० मिलिमीटर जाड. समोरून ६० अंशांवर चढलेल्या उन्हाचा एकही सरळ किरण आत येत नाही. ४५ अंशांनंतरच दार बंद होतं. आता दगड काढा आणि ८ मिलिमीटरचा पत्रा ठेवा, भोक तेवढंच. त्याच ६० अंशांच्या उन्हातलं जेमतेम १४ मिलिमीटर अडतं, उरलेलं ३६ मिलिमीटर सरळ आत. पूर्ण अडायला सूर्य ८१ अंशांवर यावा लागतो. जाळी म्हणजे भोकांची नक्षी असं आपण समजतो. जाळी म्हणजे जाडी. तीच आम्ही ड्रॉइंगमध्ये घेतली नव्हती, कारण एलिव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून काढलेल्या चित्रात, जाडी दिसत नाही.

मोठमोठ्यांचीही यात दमछाक झालीय, हा त्यातल्या त्यात दिलासा. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटची दक्षिण बाजू ज्याँ नुव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये २४० चौकोनी तावदानांची केली. प्रत्येकात कॅमेऱ्याच्या भिंगात असतात तशा मिटणाऱ्या-उघडणाऱ्या पाकळ्या. अरब घरांतल्या मश्रबियाचा, म्हणजे लाकडी जाळीच्या खिडकीचा, हा यांत्रिक अवतार, उजेड वाढला की मिटणारा. कल्पना दिपवून टाकणारीच. पण पाकळ्या काचांच्या मध्ये बसलेल्या. मूळ मश्रबिया वारा आत घ्यायची, तिच्या कोनाड्यात पाण्याचे मडके ठेवून तो वारा गार करून घ्यायची. काचेच्या आड वारा कुठला? आणि मोटारी पुढे अडकायला लागल्या, कित्येक पाकळ्या वर्षानुवर्षं एकाच जागी थिजून राहिल्या. लाकडी मश्रबियाला मोटार नसते, त्यामुळे ती बंदही पडत नाही. २०१२ मध्ये अबू धाबीला अल बहर टॉवर्स झाले. तिथे हजारावर छत्र्या प्रत्येक टॉवरला, उन्हाप्रमाणे उघडमीट करणाऱ्या, आणि त्या काचेच्या बाहेर, सुमारे दोन मीटर पुढे उभ्या केल्या. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडवायचं, हे शहाणपण मश्रबियाचंच. मोटारी मात्र याही इमारतीत आहेतच.

ज्याचं ड्रॉइंगच काढता येत नाही, अशीही उसनवारी असते. चीनच्या निंगबो शहरातलं इतिहास संग्रहालय, वांग शू, २००८. पाडलेल्या गावांमधल्या जुन्या विटा आणि कौलं गोळा करून त्याच्या भिंतींना लावलीत. त्या भागातले लोक वादळाने घर पडलं की मिळेल त्या तुकड्यांतून भराभर भिंत उभी करायचे, त्या पद्धतीला वापान म्हणतात. ही भिंत गिरवायला मी बसले आणि तासाभरात उठले. एकही थर दुसऱ्यासारखा नाही. कुठली वीट कुठे, हे गवंडी हातात वीट घेऊन ठरवणार. ड्राफ्ट्समनच्या पोटावर पाय देणारी इमारत आहे ती, आणि तरी मला आवडते. वांग शूला २०१२ चं प्रित्झकर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालं. गवंड्यांना त्यातलं किती मिळालं असेल असा विचार मनात येऊन गेला.

सर नेहमी विचारतात, 'मग तुझं काय म्हणणं, हुबेहूब जुनं बांधूच नये?' माझं अजून ठरलेलं नाही. बर्लिनमध्ये एकाच बेटावर या प्रश्नाची दोन उत्तरं उभी आहेत. नॉयस म्यूझियमचा भव्य जिना युद्धात बाँबने उद्ध्वस्त झाला होता. डेव्हिड चिपरफील्डने तो त्याच जागी, तशाच चढत्या रांगांत पुन्हा उभारला, पण पांढरं सिमेंट आणि संगमरवराची बारीक खडी घातलेल्या काँक्रीटमध्ये, एकाही नक्षीशिवाय. २००९ मध्ये संग्रहालय उघडलं. जिन्याची चण तीच, दागिने उतरवलेले. भोवती गोळ्यांच्या खुणा असलेल्या जुन्या विटा तशाच. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राजवाडा होता, तो १९५० मध्ये सुरुंग लावून पाडला. त्या जागी आता हुम्बोल्ट फोरम आहे. तीन बाजू बरोक या जुन्या, नक्षीने भरलेल्या शैलीतल्या, जशाच्या तशा पुन्हा घडवलेल्या. नदीकडची चौथी बाजू फ्रांको स्तेलाने आजच्या पद्धतीची सपाट चौकटींची ठेवली. माझं मन जिन्याकडे ओढतं. पण त्या तीन बाजूंसाठी खास कार्यशाळा उघडून वालुकाश्मात पुतळे, गरुड, पानं हाताने कोरून घेतली. ज्यांनी ती कोरली त्या हातांना आता ते येतं. 'ढोंग' असा शब्द तोंडावर येतो आणि त्या हातांपाशी अडतो. निदान त्यांच्या कॉर्निसखाली खाच असणार याची मला खात्री आहे.

आमच्या पांढऱ्या इमारतीचं काय झालं ते राहिलंच. परांची पुन्हा बांधली. मी मुद्दाम गेले, सरांनी सांगितलं नव्हतं तरी. वयस्कर गवंडी होते. त्यांनी माझं ड्रॉइंग उघडलंही नाही. कॉर्निसच्या पोटाशी हात घालून एका टोकापासून हातभर अंतर बोट फिरवलं आणि म्हणाले, 'मॅडम, पाण्याला गळायला जागाच ठेवली नाही तुम्ही.' मी म्हटलं, 'होती काका, मी पुसली.' ते हसले नाहीत. थर्माकोलचा लेप कापून खाच पाडायची तर आत पाणी शिरायची भीती, म्हणून पुढच्या कडेलगत खालून प्लास्टिकची बारीक कोनपट्टी सीलंटने बसवायचं ठरलं. चार मजले, चारही बाजू. लांबून दिसत नाही. भिंती धुऊन पुन्हा रंगवल्या. पुढच्या पावसानंतर मी स्वतः जाऊन बघितलं. तीन बाजू कोऱ्या, मागच्या बाजूला एका सांध्याशी पट्टी सुटून एकच काळा ओघळ आलेला. तो अजून आहे.

ब्लॉक लायब्ररीतली ती कॉर्निस मी नव्याने काढून ठेवली, खाचेसकट. गेल्या आठवड्यात आमच्याकडे लागलेला नवा मुलगा प्रिंट घेऊन आला. 'मॅडम, या कॉर्निसखाली प्रत्येक वेळी शाईचा डाग पडतोय. ब्लॉकमध्ये काहीतरी जादाची रेघ आहे. उडवू?'

मी फोन काढला आणि प्रश्नचिन्हवाला तो फोटो शोधायला लागले.